परदेशात नर्सिंगचे शिक्षण : सीमाभागातील पालक व विद्यार्थ्यांसाठी माहिती

पीयूसी आणि बारावीचे निकाल लागले की मंडळातील ओळखीचे पालक हमखास विचारतात, "मुलीला नर्सिंगसाठी परदेशी पाठवायचंय, कर्ज किती मिळेल?" बँकेत बरीच वर्षे कर्ज विभागात गेल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझे उत्तर मात्र एका उलट प्रश्नाने सुरू होते : हा कोर्स संपल्यावर त्या देशात नर्स म्हणून नोंदणी मिळणार आहे का?

हा प्रश्न मी अनुभवातून शिकलो. निपाणी परिसरातील एका कुटुंबाने घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेतले होते. मुलगी इथे जीएनएम झालेली. एजंटाने परदेशातील एका कॉलेजचा एक वर्षाचा डिप्लोमा सुचवला. कोर्सच्या नावात 'नर्सिंग' हा शब्द होता. मुलीने अभ्यास मन लावून केला, पास झाली, आणि मग कळले की त्या डिप्लोमावर तिथे नर्स म्हणून नोंदणी होत नाही. ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राहिली आणि कर्जाचे हप्ते वडील आणि भाऊ भरत राहिले. त्या कर्जाची फाईल मीच तपासली होती. फी, व्हिसा, तारण सगळे पाहिले, नोंदणीचे विचारले नाही. एजंटाइतकीच ती चूक माझीही होती. तशी वेळ आपल्या सभासदांवर येऊ नये म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहे.

नोंदणी म्हणजे काय?

आपल्याकडे नर्सिंग पास झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे लागते, त्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. प्रत्येक देशात तसेच आहे. ब्रिटनमध्ये ही नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल करते. ऑस्ट्रेलियात तिथले नर्सिंग बोर्ड, तर अमेरिकेत प्रत्येक राज्याचे बोर्ड हे काम पाहते. कॉलेज मान्यताप्राप्त असणे वेगळे आणि कोर्स नोंदणीसाठी मान्य असणे वेगळे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील नियामक संस्था नोंदणीसाठी मान्य कोर्सची यादी आपल्या संकेतस्थळावर देतात. त्या यादीत आपल्या कोर्सचे नाव स्वतः शोधावे.

दोन वाटा

पहिली वाट बारावीनंतर थेट परदेशात जाऊन नर्सिंग शिकण्याची. दुसरी वाट इथे जीएनएम (तीन वर्षे) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (चार वर्षे) करायचे, काही काळ रुग्णालयात काम करायचे आणि मग तिकडची परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स म्हणून जायचे. बेळगाव, कोल्हापूर, मिरज ही नर्सिंग शिक्षणाची केंद्रे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये तर नर्सेस तयार करण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले आहे.

मध्यम परिस्थितीच्या कुटुंबाला मी दुसरी वाट आधी सुचवतो. खर्च फार कमी, आणि परदेशी जाणे जमले नाही तरी हातात पदवी राहते. इथे प्रवेश घेताना कॉलेज राज्य कौन्सिलबरोबरच इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीतही आहे का, ते पाहावे. पुढे परदेशात हा प्रश्न विचारला जाऊ शकतो.

इथली बी.एस्सी. झालेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटनमध्ये 'एम.एस्सी. नर्सिंग' केल्याने आपोआप नोंदणी मिळत नाही. तो एम.एस्सी. 'प्री-रजिस्ट्रेशन' प्रकारचा नसेल, तर इथून जाणाऱ्या नर्सला द्याव्या लागणाऱ्या परीक्षा (संगणकावरची सीबीटी आणि प्रात्यक्षिकाची ऑस्की) द्याव्याच लागतात.

देशानुसार थोडक्यात

ब्रिटन : बारावीनंतर तीन वर्षांची पदवी. त्यात २,३०० तास रुग्णालयातील प्रत्यक्ष काम असते, रात्रपाळीसह, आणि त्याचा पगार मिळत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला १५ हजार पौंडांच्या पुढे. याशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच नोकरी करता येते. व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. इथून नर्स म्हणून जाणाऱ्यांना आयईएल्टीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणाला ७, लेखनाला ६.५ गुण लागतात. 'केअर वर्कर'चा व्हिसा परदेशातून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी जुलै २०२५ पासून बंद झाला आहे. अजूनही तो देऊ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

जर्मनी : इथे 'आउसबिल्डुंग' नावाची तीन वर्षांची पद्धत आहे. रुग्णालयाशी करार होतो, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम. शिकवणी फी साधारणपणे नसते, उलट पहिल्या वर्षापासून दरमहा विद्यावेतन मिळते. सार्वजनिक रुग्णालयांत ते १,३०० युरोच्या वर असते, त्यातून विमा वगैरे कापून जाते. खोलीभाडे आणि जेवण त्यातच भागवायचे. खरी परीक्षा भाषेची. जर्मन किमान बी१, बहुतेक ठिकाणी बी२ पातळीपर्यंत यावी लागते. त्यासाठी साधारण वर्षभर नेटाने अभ्यास हवा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकण्याची आणि परीक्षेची सोय आहे. इथे जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्यांनी पुन्हा तीन वर्षे घालवू नयेत, त्यांच्यासाठी पदवी-मान्यतेची वेगळी प्रक्रिया आहे.

ऑस्ट्रेलिया : तीन वर्षांची पदवी, किमान ८०० तास विनावेतन प्रात्यक्षिक. विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. पहिल्या वर्षाच्या राहण्याच्या खर्चापोटी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. फी आणि प्रवासखर्च वेगळा.

अमेरिका व कॅनडा : दोन्हीकडे नोंदणीसाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा आहे. अमेरिकेत भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग अनेक वर्षांची आहे. कॅनडातील एक वर्षाच्या प्रमाणपत्र कोर्सबाबत वर सांगितलेला नोंदणीचा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कर्जाचा हिशोब

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागते. परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम आपली असावी लागते. शिक्षण संपल्यानंतर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते, हे बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही.

उदाहरण पाहू. ३० लाखांचे कर्ज, दरवर्षी १० लाख याप्रमाणे उचलले, व्याज १०.५ टक्के धरले. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष थांबा, एवढ्या काळात साध्या व्याजानेच ९ लाख ४५ हजार रुपये चढतात. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचे ठरले, तर हप्ता येतो दरमहा सुमारे ५३ हजार. मुलीला नर्सची नोंदणी मिळाली तर हा हप्ता तिच्या पगारातून निघू शकतो. नाही मिळाली तर तो इथल्या घरावर येतो. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास पुढचा बोजा बराच हलका होतो.

आपल्या भागात तारणाची एक खास अडचण आहे. अनेकांकडे शेती आहे, पण थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नसल्याने बँका शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसतात. गावठाणातील घर तारण द्यायचे तर ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तूचे नमुना ९ व ११ हे उतारे लागतात. आजोबांच्या नावावर असलेले घर वारसांच्या नावावर करण्यात महिने जातात. प्रवेशाचे पत्र हातात येण्याची वाट न पाहता हे काम आधी सुरू करावे.

कराबाबत दोन गोष्टी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०-ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस कापला जात नाही.

सीमाभागातील कागदपत्रे

आपली मुले बऱ्याचदा दहावी कर्नाटकात आणि पुढचे शिक्षण महाराष्ट्रात करतात, किंवा उलट. त्यामुळे कागद दोन राज्यांत विखुरलेले असतात.

१. ज्या राज्याने प्रमाणपत्र दिले, त्याच राज्यात त्याचे साक्षांकन होते. एसएसएलसी, पीयूसीचे बंगळूरला, महाराष्ट्र बोर्डाचे मुंबईला. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल.

२. नर्सिंगचे ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून मिळते. राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर बंगळूर, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी असेल तर नाशिक. नोंदणीची पडताळणी कर्नाटकची बंगळूरहून, महाराष्ट्राची मुंबईहून.

३. १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगाव'चे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. जुन्या जन्मदाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे नाव दिसते. निपाणीचे इंग्रजी स्पेलिंगही एक 'पी' आणि दोन 'पी' असे दोन प्रकारे आढळते. अर्जासोबत तसा खुलासा जोडावा.

४. मुलाच्या नावात सर्वाधिक घोळ होतो. कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना स्पेलिंग बदलते. एका कागदावर वडिलांचे पूर्ण नाव असते, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. आधी दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट हे तिन्ही जुळवून घ्यावेत.

एजंटाला विचारायचे प्रश्न

• या कोर्सनंतर नोंदणी कोणत्या परिषदेकडे होईल? मान्य कोर्सच्या यादीत त्याचे नाव दाखवा.
• आमच्या प्रवेशातून कॉलेजकडून तुम्हाला कमिशन मिळते का?
• व्हिसा नाकारला तर किती पैसे, किती दिवसांत परत? लेखी द्या.
• फी थेट कॉलेजच्या खात्यात भरता येईल ना?

ब्रिटनमध्ये इथून नर्स भरती करताना उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेऊ नये, असे तिथल्या सरकारची आचारसंहिता सांगते. तरीही कोणी लाखांत पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे.

शेवटी

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांची नेमणूक आपल्या शेजारच्या कोल्हापुरातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात झाली होती. पण तब्येत इतकी खालावली होती की त्यांना ते काम करता आले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या मुलींना पाठवताना पैशाइतकाच थंडी, जेवणखाण, रात्रपाळी आणि एकटेपणाचाही विचार करावा, आणि त्यावर घरात मोकळेपणाने बोलावे.

नर्सिंग हे कष्टाचे आणि मानाचे काम आहे. आपल्या भागातील मुली त्यात पुढे जात आहेत याचा आनंद आहे. नियम, फी आणि रकमा बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी पुन्हा खात्री करून घ्यावी. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी कोणाला हिशोब पडताळून हवा असेल तर मंडळाच्या कार्यालयात जरूर भेटावे. येताना कोर्सचे माहितीपत्रक आणि घराचा उतारा सोबत आणावा.

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.