सोळा मुलांची चाचणी

किशोरवयीन मुलाच्या हातून लैंगिक अत्याचार घडला, तर १९७० च्या आसपास अमेरिकेत बहुधा दोनच गोष्टी होत. 'वयच तसे' म्हणून काणाडोळा, नाहीतर सुधारगृह. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या दशकाच्या मध्यास अशा मुलांसाठी स्वतंत्र उपचारसेवा सुरू झाली. १९८२ साली फे हनी नॉप या क्वेकर कार्यकर्तीने अशा नऊ उपक्रमांची माहिती पुस्तकरूपाने दिली. पुढील दहा वर्षांत सेवांची संख्या शेकड्यांत गेली.

या वाढीमागे एक निरीक्षण होते. अनेक प्रौढ गुन्हेगारांनी आपली सुरुवात किशोरवयातच झाल्याचे सांगितले होते. त्यावरून आज सापडलेला मुलगा म्हणजे उद्याचा गुन्हेगार, असे धरले गेले. तर्क घसरला तो येथे. (वर्गात सांगायचे तर, बहुतेक कसोटीपटू लहानपणी गल्लीत खेळलेले असतात; म्हणून गल्लीत खेळणारी बहुतेक मुले कसोटीपटू होत नाहीत.) पण सेवा याच तर्कावर उभ्या राहिल्या आणि प्रौढांसाठीच्या पद्धती मुलांना लावल्या गेल्या: अशाच मुलांचे गट, कबुलीवर भर, कित्येकदा घरापासून दूर मुक्काम.

मिसुरी विद्यापीठातील चार्ल्स बोर्डुइन व सहकाऱ्यांनी हे तपासून पाहायचे ठरवले. १६ मुले, दैवगतीने पाडलेले दोन गट. आठ जणांना एकेकट्याने समुपदेशन मिळाले. उरलेल्या आठांसाठी उपचारक त्यांच्या घरी व शाळेत गेले. शाळा सुटल्यावर मुलगा कोठे असतो, मित्र कोण, घरात लक्ष कोण ठेवते, यावर आईवडिलांबरोबर काम झाले. १९९० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत पहिल्या गटातील सहा जणांना पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली होती, दुसऱ्यातील एकाला. टळलेल्या प्रत्येक गुन्ह्यामागे एक वाचलेले मूल असते, हे येथे विसरू नये.

आठ-आठ मुलांवरून फार बोलता येत नाही, हे खरेच. म्हणून पुढे ४८ मुले घेतली. आधी अनेकदा अटक झालेली ही मुले होती. सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, आकडे आले: नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ४६ टक्के, कुटुंबासह उपचार झालेल्यांत ८.

सरसकट पाहिले तर प्रमाण याहून कमी आहे. मायकेल काल्डवेल यांनी २०१६ मध्ये १०६ अभ्यासांतील ३३ हजारांहून अधिक मुलांची आकडेवारी एकत्र केली. लैंगिक गुन्हा पुन्हा नोंदला गेलेली मुले पाच टक्क्यांहून किंचित कमी निघाली. दहाच वर्षांपूर्वी, २००६ साली, अमेरिकी काँग्रेसने गंभीर लैंगिक गुन्ह्यांतील चौदा वर्षांच्या मुलांनाही गुन्हेगारांच्या नोंदवहीत घालणारा कायदा केला होता.