शाळेच्या गाडीची पूर्वपीठिका

मुलाला घरून उचलून शाळेत पोचविण्याची आणि सायंकाळी सुखरूप परत आणण्याची जबाबदारी शाळेने आपल्या शिरावर का घ्यावी, हा प्रश्न आजच्या पालकाला सहसा पडत नाही. घर आणि शाळा यांच्यामधले अंतर वाढले, रस्ते धोक्याचे झाले, म्हणून गाडी आली, एवढे उत्तर त्याला पुरेसे वाटते. परंतु आपल्या देशातील या गाडीचे जुने दफ्तर उघडून पाहिले, तर तिच्या जन्माशी अंतराचा संबंध फार थोडा होता असे आढळते. जी मुलगी दहा मिनिटांत पायी शाळेत पोचली असती, तिच्यासाठीच प्रथम गाडी जुंपावी लागली. कारण भय वाहनांच्या धक्क्याचे नव्हते, रस्त्यावरच्या माणसांच्या नजरेचे होते.

गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कायदेविषयक सभासद जॉन इलियट ड्रिंकवॉटर बेथून यांनी ७ मे १८४९ रोजी कलकत्त्यात दक्षिणारंजन मुखर्जी यांच्या घरी मुलींची शाळा उघडली, तेव्हा पटावर अवघ्या २१ मुली होत्या. मदनमोहन तर्कालंकारांसारख्या संस्कृत पंडिताने आपल्या दोन कन्या तेथे धाडल्या आणि त्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करला. परंतु असे धैर्य पुष्कळांच्या ठायी नव्हते, आणि ज्यांच्या ठायी ते थोडेफार होते तेही प्रतिष्ठित घरातील कन्येला भर रस्त्याने चालत पाठविण्यास राजी नव्हते. म्हणून शाळेने गाडी ठेविली. पुढे ईश्वरचंद्र विद्यासागर या शाळेचे चिटणीस झाले, आणि पुत्राप्रमाणेच कन्येचेही संगोपन व शिक्षण काळजीपूर्वक करावे अशा आशयाचे संस्कृत वचन त्यांनी त्या गाडीच्या अंगावर लिहवून घेतले. विद्यासागरांच्या चातुर्याचा हा मासला मला मोठा मननीय वाटतो. ज्या रस्त्यावरून टवाळी यायची, त्याच रस्त्यावरून शास्त्राचा आधार मिरवीत ती गाडी रोज दोन वेळा जाणार; टवाळखोराला वादच घालायचा असेल तर त्याने विधवाविवाहाच्या प्रश्नावर शास्त्र्यांना निरुत्तर करणाऱ्या या पंडिताशी घालावा!

मात्र गाडीच्या अंगावर वचन लिहिल्याने घोड्याचे पोट भरत नाही. घोडागाडीचा जमाखर्च शाळेच्या इतर जमाखर्चाहून निराळा असतो: पंतोजीला सुटीत अर्धा पगार देऊन भागविता येईल, पण घोडा सुटीतही चंदी खातो, मोतद्दार सुटीतही खरारा करतो, आणि गाडीत चार मुली बसोत की चौदा, चाकाची धाव तितकीच झिजते. बेथून यांनी शाळेचा भार आपल्या मिळकतीतून वाहिला. १८५१ साली त्यांचे निधन झाल्यावर खुद्द लॉर्ड डलहौसी यांनी १८५६ मध्ये हिंदुस्थान सोडीपर्यंत तो खाजगी खर्चातून चालविला. संस्थाने खालसा करण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, अशा या गृहस्थाच्या खाजगी खतावणीत मुलींच्या शाळेचा खर्चही मांडला जात असे, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या प्रकरणाचा कळस मात्र त्यानंतर दोन पिढ्यांनी त्याच शहरात झाला. रुकैया सखावत हुसेन या विदुषीने आपल्या दिवंगत पतीच्या नावाने प्रथम भागलपूरला आणि नंतर १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याच्या वलीउल्ला गल्लीत आठ विद्यार्थिनींनिशी मुसलमान मुलींची शाळा सुरू केली. घरोघर जाऊन आर्जव करावे, तेव्हा कोठे एखादा बाप रुकार देई, आणि तो रुकारही एका अटीवर असे: पडदा मोडता कामा नये. तेव्हा गाडी ही या शाळेची सोय नव्हती, तिच्या अस्तित्वाचीच ती अट होती. पुढे घोड्यांच्या जागी मोटार आली आणि तिच्या आगमनाचा जो वृत्तांत रुकैयाबाईंनी ‘अवरोधवासिनी’ या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या, म्हणजे सत्तेचाळिसाव्या, प्रसंगात दिला आहे, त्याच्या तोडीचा विनोदी आणि विदारक असा कागद शालेय वाहतुकीच्या इतिहासात दुसरा नसेल.

ती मोटार चोहो बाजूंनी बंद होती. पुढे आणि मागे वरच्या अंगाला एकेक जाळी, तीही सुमारे तीन इंच रुंद आणि दीड फूट लांब, एवढीच काय ती वारा शिरण्याची वाट. गाडी पाहून आलेल्या इंग्रज शिक्षिकेने आत भयंकर अंधार आहे असे सांगितले. पहिल्याच फेरीत मुली उष्म्याने कासावीस झाल्या, कोणाला वांती झाली, लहानग्यांनी अंधारात रडून आकांत मांडला. तेव्हा झडपा उघडून त्या जागी रंगीत पडदे लावले, तरी मूर्च्छा आणि डोकेदुखी थांबेना. म्हणून दोन्ही बाजूंच्या आणखी झडपा उघडून तेथेही पडदे सोडले. एक हिंदू स्नेहीण भेटीस आली ती थट्टेने म्हणाली की, रस्त्याने एखादे मोठे कपाटच चालले आहे असे तिला वाटले, आणि तिच्या भाच्याने तर त्या वाहनाला कलकत्त्याच्या इतिहासातील कुप्रसिद्ध अंधारकोठडीचे नाव देऊन, ती कोठडी आता चालू लागली असे जाहीर केले होते. पाठोपाठ काही आया तक्रार घेऊन आल्या, की तुम्ही आमच्या मुलींना जिवंत गाडता आहात. आणि त्याच सायंकाळच्या टपालाने चार पत्रे आली, एक इंग्रजीत आणि बाकीची उर्दूत, की वाऱ्याने पडदे उडतात आणि गाडी बेपडदा होते. ताबडतोब बंदोबस्त न झाल्यास उर्दू वर्तमानपत्रांत शाळेची निंदा छापून आणू आणि मुलींचे येणे बंद पाडू!

झडप लावली तर मुली गुदमरणार, उघडली तर शाळा बुडणार. या कात्रीत सापडलेल्या संचालिकेने आपला उद्वेग लेखणीवाटे ओतला, पण गाडी बंद केली नाही, ही त्या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाची बाब होय. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, त्या पत्रलेखकांनाही आपण मुलींच्या संरक्षणाचीच कैफियत मांडीत आहो असे प्रामाणिकपणे वाटत असले पाहिजे. ज्याला त्याला भय कशाचे वाटते, त्यावर गाडीची बांधणी ठरते. आणि भय वाटणारा बहुधा गाडीत बसत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळले असता निराळाच देखावा दिसतो. येथे बंगालसारखा किंवा उत्तर हिंदुस्थानासारखा कडक पडदा सर्वसामान्य समाजात नव्हता. मुली नदीवर, देवळात आणि बाजारात पायीच जात. त्यामुळे येथील सुधारकांनी मुलगी शाळेत वाहून नेण्यापेक्षा शाळाच मुलीच्या आळीत नेण्याचा मार्ग धरिला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात पहिली शाळा काढली, आणि १८५१ व १८५२ या सालांत पुन्हा बुधवारात, मग रास्ता पेठेत, मग वेताळ पेठेत अशा शाळा उघडल्या. मुंबईतही स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण मंडळींनी १८४९ पासून मुलींच्या ज्या शाळा चालविल्या, त्या वस्तीवस्तीतून, कोणाच्या तरी घराच्या आश्रयाने. खर्चाच्या दृष्टीने पाहू जाता ही योजना फार शहाणपणाची होती. एका घोड्याच्या पोटगीत एखादी खोली भाड्याने मिळे. पण रस्त्याचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही, तो केवळ मुलीकडून शिक्षिकेकडे सरकला. सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकली जाई आणि त्या शाळेत बदलण्यासाठी दुसरे लुगडे बरोबर नेत, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

शाळेनेच मुलाच्या दारी जावे, या विचाराची परमावधी त्यानंतर शंभर वर्षांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर झाली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासींची मुले केंद्रापर्यंत येत नाहीत असे दिसून येताच त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात मांडली आणि तिला अंगणवाडी म्हटले. जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली. ज्या देशात पेट्रोलला पैसा नाही आणि पाड्यापर्यंत सडक नाही, तेथे याहून काटकसरीची आणि याहून निर्धोक अशी व्यवस्था कोणत्याही वाहतूक-तज्ज्ञाने सुचविली नसती.

अमेरिकेने नेमकी उलट दिशा घेतली. तेथे खेड्यांतील एका खोलीच्या शाळा मोडून अनेक गावांची मिळून एक मोठी शाळा करण्याचे धोरण रुजले, आणि मग मुलांना वाहून आणणे क्रमप्राप्तच झाले. मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८६९ मध्येच त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्चण्यास कायद्याने मुभा दिली होती. पुढे मोटारी आल्या, पण त्यांना ना एक बांधा ना एक रंग. कॅन्सस प्रांतात तर मुलांची ने-आण गव्हाच्या गाड्यांतून होताना फ्रँक सायर नामक प्राध्यापकाने पाहिली. त्याने १९३९ च्या एप्रिलात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात सर्व अठ्ठेचाळीस संस्थानांचे प्रतिनिधी, गाड्या बांधणारे आणि रंग बनविणारे यांची परिषद भरविली. ५००० डॉलरच्या देणगीवर ती सात दिवस चालली आणि तीतून ४४ प्रमाणे निश्चित झाली. आसनांमधील वाट किती रुंद असावी येथपासून छत किती उंच असावे येथपर्यंत सर्व काही त्यांत आले. त्यामागे मोठा व्यावहारिक हेतू होता: प्रत्येक गावाने निराळ्या मापाची गाडी मागितली तर ती महाग पडते, एकाच मापाच्या हजार बांधल्या तर स्वस्त पडते. पिवळा रंग निवडला तो पहाटेच्या व सांजेच्या अंधुक उजेडात दुरून दिसावा आणि त्यावर काळी अक्षरे ठळक उठावी म्हणून. कलकत्त्याची मोटार आतले कोणाला दिसू नये म्हणून बांधली होती. ही सर्वांना दिसावी म्हणून रंगविली गेली.

तथापि ती पिवळी गाडी सर्वांसाठी थांबत होती असे मात्र समजू नये. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात १९४७ च्या सुमारास गोऱ्या मुलांसाठी तीस गाड्या धावत आणि काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. त्यांच्या पालकांनी वर्गणी करून एक जुनी गाडी घेतली, ती वारंवार बंद पडू लागली, म्हणून निदान तिच्या इंधनाची तरतूद करावी असा अर्ज शाळामंडळाकडे केला; तो नामंजूर झाला. गाडीच्या त्या क्षुल्लक मागणीतून उठलेला खटला वाढत वाढत वंशभेदी शाळांविरुद्धच्या दाव्यात रूपांतरित झाला आणि १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निवाड्यात समाविष्ट होऊन निकालात निघाला. इंधनाचा खर्च मंजूर केला असता तर मंडळाला तो किती स्वस्त पडला असता!

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी एस.टी. धावली, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतील माध्यमिक शाळेची खरी गाडी एस.टी. हीच झाली. सवलतीचा मासिक पास, पुढे मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने दिलेला मोफत पास, आणि शाळेच्या घंटेशी कसेबसे जुळवून घेणारे मुक्कामी गाडीचे वेळापत्रक, यांच्या बळावर कित्येक तालुक्यांतील मुली दहावीपर्यंत पोचल्या. या व्यवस्थेची मातबरी अशी की, तीच गाडी बाजारकरी, वऱ्हाडी आणि पक्षकार यांनाही वाहते, म्हणून विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा खर्च थोडा राहतो. उणीव अशी की, गाडी चुकली तर त्या दिवशीची शाळाही चुकते.

शहरांत निराळेच घडले. वस्तीजवळची शाळा सोडून दूरची नामांकित शाळा निवडण्याची ऐपत आणि हौस मध्यमवर्गात आली, आणि हे अंतर भरून काढावयास रिक्षावाले काका पुढे सरसावले. परवान्यावर तीन उतारू लिहिले असताना आठ-दहा मुले, दप्तरे बाहेर टांगलेली, अशी ही व्यवस्था. पण काका प्रत्येक मुलाला नावाने ओळखत, आईच्या हाती सोपविल्यावाचून हलत नसत, आणि महिन्याचे पैसे उशिरा दिले तरी तगादा लावीत नसत. या व्यवस्थेला केवळ बेकायदेशीर म्हणून निकालात काढणे मला न्याय्य वाटत नाही.

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून पंचवीसहून अधिक मुले बुडाली, तेव्हा कोठे कायद्याची झोप उडाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या व पुढील महिन्यात दिलेल्या आदेशांतून गतिनियंत्रक, खिडक्यांचे आडवे गज, प्रथमोपचार पेटी, अनुभवी चालक आणि मुलांसमवेत एक जबाबदार मदतनीस या गोष्टी आवश्यक ठरल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्वतंत्र नियम केले, गाडीला पिवळा रंग आला, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तीत पालक, पोलीस व परिवहन खाते यांचे प्रतिनिधी असावेत, असे ठरले. या समितीच्या कामांत मुलांच्या सुरक्षिततेबरोबर भाडे ठरविणे आणि थांबे ठरविणे हीही कामे घातली आहेत, आणि नियम करणाऱ्याने या तिन्ही बाबी एकाच टेबलावर आणल्या हे माझ्या मते या नियमांतील सर्वांत समंजस कलम होय. कारण मदतनीस बाईचा पगार भाड्यात चढला की दोन-चार पालक मुलाला पुन्हा काकांच्या रिक्षात बसवितात, तेवढी आसने रिकामी पडली की उरलेल्यांचे भाडे आणखी चढते, आणि खर्च आवरण्यासाठी थांबे कमी केले तर मुलाला मोठा रस्ता ओलांडून थांब्यावर यावे लागते. हा तिढा ज्या समित्यांनी बैठका भरवून हिशेब मांडीत सोडविला, तेथे गाड्या भरून धावतात; जेथे समिती केवळ कागदावर आहे, तेथे भाडे ठेकेदार ठरवितो आणि थांबे चालक.