व्हिएन्नाची मुले आणि पाच पौंडांचा दंड

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धातील तोफा थंडावल्या. दोस्त राष्ट्रांनी घातलेली नाकेबंदी मात्र उठली नाही. तहावर सह्या होईपर्यंत शत्रूवरील दडपण कायम ठेवावे, असा मुत्सद्द्यांचा हिशेब होता. तो चुकता केला मुलांनी. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य फुटताच व्हिएन्नाला धान्य पुरविणारे हंगेरी आणि कोळसा पुरविणारे बोहेमिया हे दोन्ही मुलूख परके झाले. सुमारे १८ लाख वस्तीच्या त्या राजधानीत दूध मिळेना, चुली पेटेनात. मुडदुसाने पाय वाकलेली मुले जिकडेतिकडे दिसू लागली.

लंडनमध्ये एग्लंटाईन जेब नावाच्या एका बाई होत्या. पूर्वी त्यांनी काही काळ शिक्षिकेचे काम केले होते. १९१९ च्या वसंत ऋतूत ट्रफाल्गर चौकात त्यांनी उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र छापलेली पत्रके वाटली. युद्धकालीन कायद्याप्रमाणे त्यांस सरकारची पूर्वसंमती हवी होती. ती घेतलेली नव्हती. बाईंना अटक झाली आणि मे महिन्यात खटला उभा राहिला. त्यांनी वकील दिला नाही. कायदा आपल्या बाजूचा नाही हे जाणून त्या केवळ नीतीच्या मुद्द्यावर बोलल्या. पाच पौंड दंड झाला. खटला संपल्यावर सरकारी वकील सर आर्चिबॉल्ड बॉडकिन यांनी तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून काढून बाईंच्या हाती ठेवली! १९ मे रोजी जेब आणि त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी अल्बर्ट हॉलमधील सभेत बालरक्षण निधी स्थापन केला.

शत्रूच्या पोरांना आपला पैसा कशाला, असा प्रश्न इंग्लंडात विचारला जातच होता. १९१७ साली ज्यांचे शांततेचे आवाहन युद्धखोर राष्ट्रांनी कानाआड केले, त्या पंधराव्या बेनेडिक्ट पोपांनी २४ नोव्हेंबर १९१९ रोजी जगातील बिशपांना पत्र लिहिले. हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या सणाला, म्हणजे २८ डिसेंबरला, मध्य युरोपातील मुलांसाठी वर्गणी गोळा करावी, असे त्यांनी सुचविले. पुढच्या वर्षीच्या पत्रात तर त्यांनी या निधीचा नामनिर्देश करून गौरव केला. जेब अँग्लिकन पंथाच्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

दुधाच्या पेल्याने राज्य सावरत नाही, हे खरेच. ऑस्ट्रियाचे कोसळलेले चलन स्थिरावले ते १९२२ साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने कर्ज ठरल्यावर. पण १९१९ च्या हिवाळ्यातील मुलाला तीन वर्षे थांबा असे कोण सांगणार? जेब यांच्या मसुद्यावरून राष्ट्रसंघाने १९२४ साली जिनीव्हा येथे बालहक्कांची जी पाच कलमे स्वीकारली, त्यांतील एक असे आहे की, संकटकाळी मदत सर्वांत आधी बालकाला मिळावी.