गळ्याची गाठ आणि पाठीचे दुखणे

शहापूर-मुरबाडकडे पाठदुखीला आजार म्हणून कोणी मोजीतच नाही. भातलावणीत दिवसभर वाकावयाचे, डोक्यावरून मोळी आणावयाची. मग पाठ दुखली तर नवल ते काय? गळ्याची जुनी गाठ तर दुखतही नाही. या दोहोंचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे वैद्यकाला उमगावयास फार काळ लागला. तोच इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

१८७६ साली कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने एक हकीकत प्रसिद्ध केली. रोग्याच्या गळ्यात गलगंड, आणि हाडांत तशाच पेशींच्या गाठी! त्याने त्यास साधा गलगंडच म्हटले. कंठग्रंथीचा एक कर्करोग मूळ ग्रंथीची इतकी हुबेहूब नक्कल करतो की, सूक्ष्मदर्शकालाही चकवितो. आणि रक्तावाटे हाडांत शिरतो. अन्नात आयोडिन कमी असते त्या प्रदेशात तो अधिक आढळतो.

ही नक्कलच पुढे निदानाच्या कामी आली. कंठग्रंथी रक्तातील आयोडिन ओढून घेते. हाडातली तिची गाठही थोडेफार ओढते. १९४३ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात सेडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्यास किरणोत्सारी आयोडिन दिले. त्याची ग्रंथी १९२३ सालीच काढलेली, तरी ग्रंथीचा स्राव वाढल्याची लक्षणे अंगी होती! मापकयंत्राने कोडे उलगडले. आयोडिन दूर पसरलेल्या गाठींत साठले होते. मूळ ग्रंथी जागेवर असती तर बहुतेक आयोडिन तीच घेऊन बसती. म्हणून आजही आधी ग्रंथी काढतात, मग हाडे धुंडाळतात.

हे आयोडिन आठ दिवसांत निम्मेच उरते. ते साठवून ठेवता येत नाही. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली आणि १९६३ साली परळला किरणोत्सारी औषधोपचाराचे केंद्र निघाले. शहापूरच्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबई पीत आली आहे. तिने एवढी तरी परतफेड केली म्हणावयाची! आसनगावहून थेट लोकल आहे, मुरबाडकराने मोटारीने कल्याण गाठावे.

पण आधी संशय यावयास हवा. क्ष-किरणांच्या चित्रात पोखरलेले हाड दिसते खरे, परंतु क्षयही हाड पोखरतो. अशा वेळी डॉक्टरांची बोटे रोग्याच्या गळ्यावरून फिरली पाहिजेत, आणि हाडाचा तुकडा तपासला गेला पाहिजे. त्यात कंठग्रंथीच्या पेशी सापडल्या की वाट स्पष्ट होते. ज्या गाठी आयोडिन घेतात त्यांना तेच आयोडिन मोठ्या मात्रेने औषध म्हणून देतात. ज्या घेत नाहीत, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, बाहेरून किरण वा नवी औषधे.