पंचाचे चिलखत : बेसबॉल-सॉफ्टबॉलमधील संरक्षक साहित्याची निवड

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश करण्याचा निर्णय तेथे झाला आणि आपल्याकडे त्याचीच चर्चा अधिक झाली. त्याच निर्णयाने बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे खेळही ऑलिंपिकमध्ये परतले. महाराष्ट्रातील शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल अनेक वर्षांपासून खेळला जातो. खेळाडूंच्या साहित्याकडे आता थोडेफार लक्ष दिले जाते. परंतु कॅचरच्या पाठीमागे उभ्या राहणाऱ्या पंचाने काय घालावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

वास्तविक मैदानावरील सर्वांत धोक्याच्या जागांपैकी ही एक जागा आहे. क्रिकेटचा पंच गोलंदाजाच्या बाजूला उभा असतो. चेंडू त्याच्यापासून दूर जातो. तरीही ऑस्ट्रेलियाचे पंच ब्रूस ऑक्सनफर्ड २०१६ मध्ये हातावर पारदर्शक ढाल बांधून उभे राहिले, तेव्हा तिचे कारण समजावून सांगावे लागले नाही. बेसबॉलच्या प्लेटमागील पंचाकडे तर प्रत्येक चेंडू थेट येत असतो. त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये असतो तो केवळ फलंदाजाची बॅट आणि कॅचरचा हातमोजा.

चेंडूचा हिशेब

बेसबॉलमध्ये पिचर होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे सुमारे १८.४ मीटर अंतरावर असतो. महिलांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३.१ मीटर आहे. बेसबॉलच्या चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते. बारा इंची सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅमचा असतो. म्हणजे तो क्रिकेटच्या चेंडूहूनही जड भरतो. 'सॉफ्ट' या नावावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे ठरते. ताशी १५० किलोमीटर वेगाच्या बेसबॉलमध्ये सुमारे १२५ ज्यूल ऊर्जा असते, तर ताशी १०५ किलोमीटर वेगाच्या सॉफ्टबॉलमध्ये सुमारे ८० ज्यूल. शालेय स्तरावर ताशी ११० किलोमीटर वेगाने येणाऱ्या बेसबॉलची ऊर्जा याहून कमी, सुमारे ६८ ज्यूल भरते.

खरा धोका मात्र बॅटला पुसटसा लागून दिशा बदलणाऱ्या चेंडूचा असतो. बॅटपासून पंचाचा चेहरा सुमारे दीड मीटरवर असतो. हे अंतर वेगवान चेंडू सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात कापतो. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देण्यास माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. हा चेंडू चुकविता येत नाही. तो अंगावर घ्यावाच लागतो. साहित्यावर विश्वास नसलेला पंच नकळत डोळे मिटतो, मान वळवितो, मागे सरकतो. त्या क्षणी त्याला इजाही होते आणि त्याचा निर्णयही चुकतो. संरक्षक साहित्य निवडताना 'हे घालून मी डोळे उघडे ठेवून स्थिर उभा राहू शकेन काय?' ही पहिली कसोटी असली पाहिजे. किंमत आणि कंपनी यांचा विचार त्यानंतर करावा.

मास्क

चेहऱ्यावरील मास्कचा उगम बेसबॉलमध्ये १८७० च्या दशकात झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेड थेयर यांनी तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी मास्क तयार केला आणि १८७८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. तारांच्या चौकटीचा आणि आत गाद्या बसविलेला पारंपरिक मास्क आजही पंचांमध्ये लोकप्रिय आहे. ही चौकट भरीव किंवा पोकळ पोलाद, अॅल्युमिनियम, टायटॅनियम अथवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते.

हलका मास्क दिवसभरात दोन-तीन सामने करणाऱ्या पंचाच्या मानेला सुखावह असतो. परंतु वस्तुमान जितके कमी, तितका धक्का डोक्याकडे अधिक वेगाने जातो, हेही खरे. म्हणून हलकी चौकट घेतल्यास गाद्यांच्या दर्जाबाबत तडजोड करू नये. धक्का शोषून घेण्यासाठी चौकट आणि गाद्या यांच्यामध्ये स्प्रिंग बसविलेले मास्कही आता मिळतात.

दुसरा प्रकार आइस हॉकीच्या धर्तीवरील पूर्ण हेल्मेटचा. टोरांटो ब्लू जेज संघाचा कॅचर चार्ली ओब्रायन याने १९९६ मध्ये तो मोठ्या लीगच्या मैदानावर प्रथम आणला. त्याच्या गोलाईमुळे चेंडू निसटून जातो आणि डोक्याच्या बाजू व मागील भागही झाकला जातो. मात्र तो गरम होतो आणि पटकन काढणे तितकेसे सोपे नसते. चेंडू हवेत उडाला की पंचाला डाव्या हाताने मास्क काढून धावावे लागते, तेव्हा टोपी डोक्यावर राहिली पाहिजे. त्यासाठीच प्लेटमागील पंचाच्या टोपीची झाप आखूड असते. मास्कचे पट्टे फार आवळू नयेत. चेंडू बसताच मास्क किंचित फिरला किंवा सरकला, तर धक्क्याचा काही भाग त्यातच खर्ची पडतो.

मास्क चेहरा वाचवितो. मेंदूला बसणारा हादरा तो पूर्णपणे थांबवू शकत नाही, हे विसरता कामा नये. अमेरिकन लीगचे पंच कॅल ड्रमंड यांच्या मास्कवर जून १९६९ मध्ये बाल्टिमोर येथे एक फाउल चेंडू आदळला. त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. प्रकृती सुधारल्यावर, मे १९७० मध्ये, पुनरागमनाची तयारी म्हणून ते डे मॉइन येथे दुय्यम लीगच्या सामन्यात उभे राहिले. त्या सामन्यातच ते कोसळले आणि त्यातून वाचले नाहीत.

गळा

१९७६ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा कॅचर स्टीव्ह यीगर आपल्या पाळीची वाट पाहत उभा असताना, तुटलेल्या बॅटच्या कपच्या त्याच्या गळ्यात घुसल्या. तो वाचला. त्यानंतर संघाचे ट्रेनर बिल ब्यूलर यांनी मास्कखाली लोंबणारी, गळा झाकणारी पट्टी तयार केली. हाच आजचा थ्रोट गार्ड होय. काही मास्कची चौकटच खाली वाढविलेली असते. पंचाने मान थोडी वर केली तरी गळा उघडा पडत नाही ना, हे आरशासमोर उभे राहून तपासावे. पडत असल्यास वेगळी पट्टी जोडावी. संपूर्ण साहित्यात स्वस्त असूनही जीव वाचविणारा हा भाग आहे.

छाती आणि खांदे

साहित्याचा निर्णयावर कसा परिणाम होतो, याचे उत्तम उदाहरण छातीच्या कवचाच्या इतिहासात सापडते. अमेरिकन लीगचे पंच दीर्घकाळ हवा भरलेले, गादीसारखे जाड कवच छातीपुढे हाताने धरीत. ते सांभाळण्यासाठी त्यांना कॅचरच्या डोक्यावरून पाहावे लागे. नॅशनल लीगचे पंच शर्टाच्या आत घालावयाचे आटोपशीर कवच वापरीत; त्याचे श्रेय १९०५ ते १९४१ या काळात पंचगिरी केलेल्या बिल क्लेम यांना दिले जाते. त्यामुळे त्यांना फलंदाज आणि कॅचर यांच्या मधल्या फटीतून, खालून पाहता येई. परिणामी नॅशनल लीगमध्ये खालचे, तर अमेरिकन लीगमध्ये वरचे चेंडू 'स्ट्राइक' ठरतात, अशी ख्याती झाली. १९७७ पासून अमेरिकन लीगने नव्या पंचांना आतले कवच बंधनकारक केले. बाहेरचे कवच वापरणारे शेवटचे पंच जेरी न्यूडेकर १९८५ मध्ये निवृत्त झाले.

आज कवचाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात केवळ जाड फोम असतो. दुसऱ्यात फोमवर कठीण प्लास्टिकच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते. म्हणून वेगवान सामन्यांसाठी तेच योग्य. विल्सन कंपनीच्या अशाच एका प्रसिद्ध कवचाला पंच जो वेस्ट यांचे नाव आहे. वेस्ट यांनी मोठ्या लीगमध्ये विक्रमी ५,४६० सामन्यांत पंचगिरी केली.

निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. कवच वर गळ्याच्या खाचेपर्यंत यावे आणि गळपट्टीची हाडे झाकावीत. खांदे व दंडाचा वरचा भाग झाकणारे भाग त्याला जोडलेले असावेत. आणि वाकून उभे राहिल्यावर ते अंगापासून सुटून पुढे लोंबू नये. खालची कड साधारण बेंबीपर्यंत पुरते, कारण त्याखालील भाग बव्हंशी कॅचरच्या आड असतो. दुकानात सरळ उभे राहून माप घेणे पुरेसे नाही; प्लेटमागे उभे राहतो तसे वाकून पाहावे.

छातीवर विशिष्ट जागी, हृदयाच्या ठोक्याच्या विशिष्ट क्षणी आघात झाला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. 'कमोशियो कॉर्डिस' असे याचे वैद्यकीय नाव असून मुले व किशोरवयीनांमध्ये हा धोका अधिक असतो. अमेरिकेतील शालेय बेसबॉलमध्ये २०२० पासून कॅचरच्या चेस्ट गार्डने याविषयीचे 'नॉक्सी' मानक पूर्ण करणे सक्तीचे आहे. सरावात मुलांनाच पंच म्हणून उभे केले जात असेल, तर असेच मानकप्राप्त कवच त्यांना द्यावे.

कमरेखाली

क्रिकेटमध्ये वापरला जातो तसा कठीण गार्ड प्रत्येक पंचाने घालावा, मग तो प्लेटमागे असो वा बेसवर. पंचाचे लेग गार्ड कॅचरच्या गार्डपेक्षा अरुंद असतात, कारण ते पँटच्या आत घालावयाचे असतात. त्यासाठी प्लेटमागील पंचाची पँटही अधिक घेरदार शिवलेली असते. माप गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून घोट्याच्या वळणापर्यंत घ्यावे. घोट्याच्या दोन्ही बाजू झाकणारे पंख असलेले गार्ड पसंत करावेत.

बुटांना पोलादी अथवा तत्सम कठीण टोक आणि नाडीवरून पावलाचा वरचा भाग झाकणारी झडप असते. असे बूट न मिळाल्यास कारखान्यात वापरतात ते पोलादी टोकाचे बूट तात्पुरते चालतील. मात्र ते जड असतात, पावलाच्या वरच्या भागाला त्यांचे संरक्षण नसते आणि मातीत त्यांची पकड तपासून घ्यावी लागते.

हातांसाठी वेगळे साहित्य नसते. तेथे उभे राहण्याची पद्धतच उपयोगी पडते. डावा हात कमरेजवळ आडवा, शरीरालगत ठेवावा. उजवा हात कॅचरच्या आड राहील असा ठेवावा. चेहरा सदैव पिचरकडे असावा. समोरून आलेला चेंडू मास्क अडवितो. मान वळविली तर कान आणि कानशील उघडे पडतात.

बेसजवळचे पंच मास्क वा कवच घालीत नाहीत. त्यांचे संरक्षण त्यांच्या जागेवर आणि सावधपणावर अवलंबून असते. जुलै २००७ मध्ये दुय्यम लीगमधील पहिल्या बेसचे प्रशिक्षक माइक कूलबॉ सरळ रेषेत आलेल्या फटक्याने मृत्युमुखी पडले. त्यानंतर २००८ पासून अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये बेसवरील प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचे झाले.

उसनवारी टाळावी

संघाकडील कॅचरचे जादा साहित्य पंचाने घालावे, हा विचार सोयीचा वाटतो. परंतु कॅचरचे कवच बसून झेलणाऱ्यासाठी आणि हातांच्या हालचाली मोकळ्या राहाव्यात म्हणून बनविलेले असते. उभ्या पंचाचे खांदे व गळपट्टीची हाडे त्यात उघडी राहू शकतात. क्रिकेटचे हेल्मेटही योग्य पर्याय नव्हे. त्यात गळ्याला संरक्षण नसते, झापेमुळे वरचे दृश्य अडते आणि हनुवटीचा पट्टा सोडून ते चटकन काढता येत नाही.

एकदम सर्व खर्च झेपत नसल्यास क्रम असा ठेवावा : थ्रोट गार्डसह चांगला मास्क आणि गार्ड प्रथम; नंतर छातीचे कवच; त्यानंतर लेग गार्ड आणि बूट. मात्र वेगवान पिचिंगच्या सामन्यात छातीच्या कवचाशिवाय प्लेटमागे उभे राहू नये. वापरलेले साहित्य घेताना चौकटीचे जोड, वाकलेल्या तारा, गंज, दबून कडक झालेला फोम आणि सैल पडलेले इलॅस्टिक नीट पाहावे. तार वाकलेला किंवा जोड तडकलेला मास्क दुरुस्त न करता बदलावा.

आपल्याकडील उन्हाळ्यात साहित्य घामाने भिजते. सामन्यानंतर ते पिशवीत कोंबून न ठेवता सावलीत, हवेशीर जागी वाळवावे. कडक उन्हाने फोम व प्लास्टिक लवकर खराब होते. आत बिनबाह्यांचा सुती वा घाम शोषणारा बनियन घालावा आणि दोन डावांच्या मध्ये पाणी प्यावे.

मास्कवर जोरदार चेंडू बसल्यावर डोके जड होणे, मळमळ, अंधारी, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवले, तर पंचाने त्याच क्षणी सामना सोडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्यासाठी दुसरा पंच उपलब्ध ठेवणे हे आयोजकांचे कर्तव्य आहे. एकच पंच नेमला की तो दुखणे अंगावर काढून उभा राहतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

अमेरिकेच्या मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राद्वारे आव्हान देण्याची पद्धत स्वीकारण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्या पद्धतीतही पहिला निर्णय प्लेटमागे उभा असलेला पंचच देतो. स्पर्धेच्या अंदाजपत्रकात बॅट, चेंडू आणि चषक यांच्यासाठी तरतूद असतेच. त्याच यादीत पंचाच्या साहित्याची एक ओळ घातली, तर त्याचे अंग आणि सामन्याचा न्याय, दोन्हींची राखण होईल.