खडक पाण्याचा की तेलाचा? जमिनीखालचं सगळं तेल वर का येत नाही

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती-इंदापूरकडे, उन्हाळ्यात काही शेतांवर पांढरा थर दिसतो. भूजलाची पातळी वर आली की पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून, कोणत्याही पंपाशिवाय, पृष्ठभागापर्यंत चढतं. ते उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात आणि जमीन खारावते. पाणी असं चढतं, कारण मातीचे कण त्याला धरून ठेवतात. कण मेणचट असते, तर ते चढलंच नसतं.

कण आणि द्रव यांच्यातली हीच ओढ खनिज तेल किती हाती लागणार, हेही ठरवते.

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, पाण्यासोबत असतं. छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटतं की तेल, या गुणधर्माला तेल अभियंते 'वेटेबिलिटी' म्हणतात. तेलात बुडवलेल्या खडकाच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब पसरला, तर खडक पाणीप्रिय. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोळा राहिला, तर तेलप्रिय.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबई हाय. 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगने 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्राखाली हे तेल शोधलं. 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. इथला मुख्य तेलसाठा चुनखडीत आहे. नैसर्गिक दाब घटू लागला की तेल पुढे ढकलायला खडकात पाणी सोडतात, तसं इथेही सोडलं जातं. पण चुनखडीची एक खोड असते. तिच्या पृष्ठभागावर बहुधा धन विद्युतभार असतो आणि कच्च्या तेलातली आम्लं त्याला चिकटून बसतात. त्यामुळे जगातले चुनखडीचे बरेच साठे तेलाकडे झुकलेले आढळतात. अशा खडकात सोडलेलं पाणी मोठ्या छिद्रांतून आणि भेगांतून सरळ उत्पादन विहिरीत पोचतं. भिंतींवरचं तेल तिथेच राहतं. पंपाचा जोर वाढवून यात फारसं साधत नाही.

मग खडकाचा स्वभाव बदलता येतो का? नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रातला खडक खडूसारख्या चुनखडीचा. सुरुवातीला तिथलं जेमतेम 17-18 टक्के तेल निघेल असा अंदाज होता. 1987 पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी सोडलं गेलं आणि आता अंदाज 50 टक्क्यांच्या आसपास आहे. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट तेलातली आम्लं भिंतीवरून सुटायला मदत करतं, असं प्रयोगांत दिसलं. अर्थात, तो खडक दबत गेल्यानेही तेल बाहेर आलं, आणि तिथलं तापमान बरंच जास्त आहे. प्रत्येक चुनखडीत हे जमेलच असं नाही.

खडक अगदीच पाणीप्रिय असणंही फायद्याचं नसतं. पाणी अरुंद वाटांत आधी शिरतं, तेलाची धार तोडतं आणि सुटे थेंब छिद्रांत अडकतात. बऱ्याच प्रयोगांत मधली अवस्था सरस ठरली आहे.

ही ओढ मोजणंही सोपं नाही. विहिरीतून काढलेल्या नमुन्याला हवा आणि ड्रिलिंगचा चिखल लागला की त्याचा स्वभाव बदलू शकतो. म्हणून प्रयोगशाळेत तो धुऊन, त्याच साठ्याच्या तेलात, साठ्याइतक्या तापमानाला कित्येक आठवडे मुरवत ठेवतात आणि मगच त्याच्यावर पाण्याचा प्रयोग होतो.