गलबतावरच्या बरण्या

आमचे धाड गाव बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला वसलेले. येथून अजिंठ्याची लेणी पाहून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येते. त्यामुळे शाळेची सहल म्हटली की अजिंठा, हे ठरलेलेच. अशाच एका सहलीत, बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांच्या गलबताचे चित्र मी मुलांना दाखवीत होतो. त्या गलबतावर उभट आकाराचे कुंभ मांडलेले आहेत. मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, ह्या लोणच्याच्या बरण्या का हो?”

सगळी मुले हसली. मीही हसलो, आणि मास्तरकीच्या ठसक्यात म्हणालो, “अरे वेड्या, हे रोमन मद्याचे कुंभ!” पोरगे खाली मान घालून उभे राहिले. वाचकहो, माझे ते उत्तर चुकीचे होते. चुकीच्या उत्तराबद्दल मी मुलांचे गुण कापतो. तेव्हा स्वतःचे कापण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे.

मला तसे वाटण्यास आधार नव्हता असे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची जी वही लिहून ठेवली आहे, तीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत द्राक्षमद्य आहे: मुख्यतः इटलीचे, शिवाय लाओदिकियाचे आणि अरबस्तानचे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तेर दहा दिवसांवर, असेही तो सांगतो. आमच्या शेजारचे केळणाकाठचे भोकरदन हे त्या काळचे भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहुत येथील शिलालेखांत कोरलेली आहेत. सारांश, हा मुलूख जगाच्या व्यापाराला परका नव्हता.

आता इटलीचा कुंभ कसा असे ते पाहा. दोन कान, निमुळती मान आणि खाली टोक. जमिनीवर उभा राहत नाही म्हणून कोणी त्याला वेडगळ म्हणेल; परंतु तो ओट्यावर ठेवण्यासाठी घडविलेलाच नव्हता. गलबताच्या पोटात खालच्या थरातील कुंभांच्या मानांमध्ये वरच्या थराची टोके बसवीत, म्हणजे लाटांच्या हिसक्याने माल हलत नसे. माती पाझरू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. दोष एकच, वजन. तिकडच्या एका मोठ्या जातीच्या कुंभात सुमारे २५ लिटर मद्य मावे आणि रिकाम्या कुंभाचे वजनही सुमारे २५ किलो भरे! गाडीवान बिचारा मद्याइतकीच माती वाहून नेई.

नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकळिया यांनी उत्खनन केले, तेव्हा अशा कुंभांची खापरे निघाली आणि ती रोमन म्हणून नोंदली गेली. पुढे रॉबर्टा टोंबर या विदुषीने भारतातील अशी खापरे पुन्हा हातात घेऊन तपासली. पुष्कळशा तुकड्यांच्या आत तिला काळा डांबरी थर आढळला. हे कुंभ रोमचे नव्हेत, मेसोपोटेमिया आणि इराणकडचे, असे तिने २००७ साली मांडले. त्यांना कान नाहीत, बैठक नाही, अंग लांबोडके. आत डांबर आणि त्यात बहुधा द्राक्षमद्य. अजिंठ्याचे ते गलबत रंगविले गेले पाचव्या शतकात. त्यावरचे कुंभही ह्याच जातीचे असावेत, असे आता अभ्यासक मानतात.

हे वाचले आणि माझ्या डोळ्यांसमोर ते खाली मान घातलेले पोर उभे राहिले.

आपल्याला वाटते, द्राक्षमद्य म्हणजे काचेची बाटली. पण ही बाटली कालची पाहुणी आहे. फुंकलेली काच रोमनांनाही ठाऊक होती, पण ती नाजूक, पंगतीत मिरवण्यापुरती. लांबचा प्रवास सोसणारी जाड काच सतराव्या शतकात इंग्लंडात दगडी कोळशाच्या भट्ट्या पेटल्या तेव्हा निघाली. तिच्याआधी माती होती, लाकडी पिंप होते आणि कातडेही होते. सुरा ठेवण्याच्या कातडी पिशवीचा, ‘दृती’चा, उल्लेख ऋग्वेदात आहे. तेलातुपाचा बुधला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती निराळी सांगावयास नको.

गंमत अशी की, बाटलीला पर्याय शोधणारे आज पुन्हा त्याच वाटांनी चालले आहेत. ऑस्ट्रेलियातील टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लास्टिकची पिशवी बसवून तिचे पेटंट घेतले. मद्य काढावे तशी पिशवी आक्रसते, आत हवा शिरत नाही, म्हणून उरलेले मद्य लवकर बिघडत नाही. हा बुधल्याचाच नातू. मात्र प्लास्टिकमधून हवा हळूहळू झिरपते. वर्षानुवर्षे मुरवायचे मद्य त्यात टिकत नाही. तेथे काचच हवी.

आपल्या नाशिकच्या ‘सुला’ने २०२० साली ‘दिया’ ही फसफसणारी वाईन अॅल्युमिनियमच्या डब्यातून आणली. मद्याची आंबटाई धातूला खाते, म्हणून अशा डब्यांना आतून पातळ लेप द्यावा लागतो. डांबराचे जे काम, तेच ह्या लेपाचे!

गेल्या दिवाळीत एक तरणाबांड गडी फराळाला आला. तोच बरणीवाला विद्यार्थी. आता मालमोटार चालवितो. त्याने खिशातून तसला एक रिकामा डबा काढून माझ्या हातावर ठेवला. “गुरुजी, तोलून पाहा. बाटल्यांची खोकी भरली की घाटात जीव मुठीत असतो. ह्याला फुटायचे भय नाही, आणि वजन तर नाहीच.”

मी मनात हिशेब केला. पाऊण लिटरच्या रिकाम्या बाटलीचे वजन साधारण अर्धा किलो. ३३० मिलिलिटरचा हा डबा १५ ग्रॅमच्या आसपास. मद्याइतकीच माती ओढणारा तो जुना गाडीवान हे पाहून काय म्हणाला असता!

मग त्याला ती सहल आठवते का, असे विचारले. त्याला चांगली आठवत होती. मी म्हणालो, “तुझे उत्तर माझ्यापेक्षा बरे होते. लोणच्याचा खार मुरू नये म्हणून बरणीला जशी आतून झिलई असते, तसाच त्या कुंभांना आतून लेप होता. रोमन मात्र ते नव्हते. मी चुकलो होतो.”

तो लाजला आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकीत म्हणाला, “म्हणजे आता एक गुण द्या, गुरुजी.”

तो मी दिला. डबा ठेवून घेतला आहे. पुढच्या सहलीला तो अजिंठ्याला बरोबर नेणार आहे, आणि एखादी बरणीसुद्धा.